कोपऱ्यातली टाचणी

“मोर कुटं गेला? ए इंजनेर, भाईर ये! माझा मोर कुटं घालवलास बे?”

मी स्वयंपाकघरात कडक भाकरी आमटीत चुरून ती मऊ व्हायची वाट बघत बसलो होतो. गल्लीतून हा आवाज आला आणि भाकरी एका झटक्यात मऊ झाली. समोरच्या पत्र्यावरचे कावळे उडाले ते मध्ये कुठंही न टेकता करमाळ्याला जाऊन बसले, असं मला नंतर कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नका.

दार उघडलं तर मास्तर. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोक्यावर उन्हासाठी ओला पंचा, आणि वर केलेल्या मुठीत पेन ड्राईव्ह. चोराला मुद्देमालासकट धरून आणावं तसा तो त्यांनी माझ्या नाकासमोर नाचवला.

“ह्यात ऱ्हातंय म्हन्ला होतास न्हवं? मग काढ भाईर. तीन दिवस बसून मोर केला. तुरा केला, चोच केली, शेपटीवरचे डोळे येकेक करून भरले. तुझं ते ‘फिरवा’ दाबलं आन् मोर गायब! फिरव म्हन्लं होतं मी तुला. हाकलून दे म्हन्लं होतं का?”

“मास्तर, आधी आत तर या.”

“आत येतो. पन मोर घिऊनच जानार.”

मी कॉम्प्युटर चालू केला, पेन ड्राईव्ह लावला, प्रोग्राम उघडला. पडद्यावर उजवीकडं खालच्या बाजूला मोर ऐटीत उभा होता. मी ‘फिरवा’ दाबलं. पडदा कोरा करकरीत. मास्तर उठले, मॉनिटरच्या मागं वाकून बघितलं, तिथल्या धुळीत बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवत म्हणाले, “हितं बी न्हाय.”

मी हसलो. मोठ्यानं हसलो. त्या घरात हसण्याचा आवाज किती महिन्यांनी झाला होता ते मला सांगता येणार नाही, पण स्वयंपाकघरातलं एक ताट मात्र मांडणीवरून खाली आलं.

मास्तर कोण ते आधी सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यातले ते डिझाईन मास्तर. आयुष्यभर ग्राफच्या कागदावर बारीक ब्रशनं चौकोनी घरं भरत आलेले. अशी हजारो घरं भरली की कागदावर एक मोर उभा राहतो, आणि तोच मोर मग मागावर चादरीत विणला जातो. त्यांच्या घरातली भाषा तेलुगू. त्यामुळं घरं मोजायची तेलुगूत, ओकटी, रेंडु, मूडु, ओरडायचं मराठीत, आणि शिवी द्यायची वेळ आली तर दखनीत, कारण त्यांच्या मते त्या भाषेत शिवी अदबीनं लागते. अलीकडं त्यांचा हात कापायला लागला होता. ब्रश एका घरात टेकवला की रंग शेजारच्या दोन घरांत. मालक म्हणाले, “मास्तर, कॉम्प्युटरवर जमतंय का बघा. नाहीतर तयार डिझाईनं बाहेरून मागवू.” तयार डिझाईनं मागवायची म्हणजे मास्तरांनी घरी बसायचं. मालकांनी तेवढं बोलून दाखवलं नाही, पण मास्तरांना ते ऐकू गेलं.

तर असा प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण अख्ख्या सोलापुरात जावा ही कॉम्प्युटरची भाषा येणारा मी एकटाच उरलो होतो. म्हणजे येणारे पुष्कळ होते, पण ते सगळे पुण्याला गेले होते. पुण्यात कुठल्याही लिफ्टमध्ये शिरा, माझ्या वर्गातला एकजण आत सापडतोच. मीही होतो त्या लिफ्टमध्ये. आई आजारी पडली म्हणून खाली उतरलो आणि सोलापूरच्या गाडीत बसलो. पुढं आई गेली. मी राहिलो.

चार खोल्यांचं घर. माझ्याखेरीज आवाज करणारा एक फ्रिज. तो गुरगुरायचा तोवर बरं चालायचं. मध्येच तो गप्प झाला की मी दचकून मान वर करायचो. गल्लीतली माणसं दिसायची ती पाण्याच्या दिवशी. आमच्या भागाला चार दिवसांआड पाणी येतं, आणि त्या दिवशी कुणी घर सोडत नाही. बोहल्यावर चढायला निघालेला नवरासुद्धा आधी मोटर बंद करून, मगच मुंडावळ्या बांधून घेतो. त्या दिवशी मला चार माणसांचे चार शब्द मिळायचे. “आलं का?” “आलंय.” “प्रेशर हाय?” “न्हाय.” मधले चार दिवस मी ते पुरवून वापरायचो.

ह्यात मी काही वाढवलेलं नाही. बाकी सगळ्यात वाढवलंय.

मोर कुठं गेला ते त्या दिवशी मला सापडलं नाही. प्रोग्राम तपासून बघताना मी एक चौकोन काढून फिरवला होता, आणि तो छान फिरला होता. मोरच का पळावा? मास्तरांना म्हटलं, उद्या या. मास्तर दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला हजर. काखेत ग्राफची गुंडाळी, एक जुना पुठ्ठा, आणि शर्टाच्या खिशावर टोचलेली एक टाचणी.

“रातभर इचार केला,” ते म्हणाले. “मला येक सांग. तू टाचनी कुटं मारलीयस?”

“कसली टाचणी?”

“कसली टाचनी म्हनं. मोर फिरीवताना आमी काय मोर फिरीवतो का? मोर तर कागदाला चिकटलाय. आमी कागद फिरीवतो. हे बघ.”

त्यांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला, त्यावर ग्राफचा कागद ठेवला. कागदावर मोर होता. पिवळट पडलेला, तरुणपणी स्वतःच्या हातानं भरलेला. त्या मोराच्या पोटात त्यांनी टाचणी टोचली आणि कागद फिरवला. मोर जागच्या जागी गिरकी घेऊन थांबला.

“ही झाली आमची रीत. आता तुझी बघ.”

टाचणी काढून त्यांनी ती कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात टोचली आणि कागद फिरवला. बिजागरीवर दार उघडावं तसा अख्खा कागद मोरासकट टेबलावरून बाहेर गेला. मोर माझ्या न्हाणीघराच्या दिशेला लोंबकळत राहिला.

“हितं गेला माझा मोर,” मास्तर म्हणाले. “तुज्या न्हाणीघरात.”

जावात चित्र फिरवायचं म्हणजे खरोखर तसंच असतं. तिथं आकृती फिरत नाही, तिच्याखालचा न दिसणारा कागद फिरतो, आणि तो फिरतो डाव्या वरच्या कोपऱ्याभोवती, कारण शून्य तिथं आहे. तिथून उजवीकडं आणि खाली मोजत जायचं. माझा तपासणीचा चौकोन त्या कोपऱ्यालाच चिकटून होता आणि मी तो दहाच अंश फिरवला होता, म्हणून थोडासा हलला आणि मला वाटलं, फिरला. मास्तरांचा मोर लांब, खाली उजवीकडं. तो नव्वद अंशांत पडद्याच्या डाव्या कडेपलीकडं गेला. मी पुण्यात सहा वर्षं काचेच्या इमारतीत बसून जे शिकलो नव्हतो ते ह्या माणसानं खिशातल्या टाचणीनं शिकवलं.

“मास्तर, कॉम्प्युटरमध्ये शून्य कोपऱ्यात असतं.”

“कोपऱ्यात? कुनी ठिवलं तितं?”

“ज्यांनी केलं त्यांनी.”

“मग त्यांनी कदी चादर इनली नसंल. चादर मदनं मोजत्यात. मद नसंल तर चारी कोपरं कुनाकडं तोंड करून बसनार?”

मग मी तीन ओळी लिहिल्या. आधी कागद असा सरकवायचा की मोराचं पोट शून्यावर येईल, मग फिरवायचा, मग तेवढाच परत सरकवायचा. ‘फिरवा’ दाबलं आणि मोर जागच्या जागी फिरला. मास्तरांनी ते बटण पंधरा वेळा दाबलं. सोळाव्यांदा मला दाबायला लावलं. “चा कर की,” म्हणाले. मी चहा केला, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी काढली, आणि ते दोन वाजेपर्यंत बसले. कुठल्या काळात कुठली चादर कुणी केली, एका चादरीवर हत्ती विणताना सोंड कशी उलटी आली आणि बायकांना तीच कशी आवडली, सगळं सांगितलं. जाताना दारात थांबून म्हणाले, “तुजी आई असताना हितं दारात तुळस हुती. पानी घाल की तिला.” तुळस वाळून गेली होती. मी म्हटलं, घालतो.

आणि मग ते आले नाहीत.

कशाला येतील? प्रोग्राम चालत होता. कारखाना दोन गल्ल्या पलीकडं. ते सकाळी तिथं जात, मोर फिरवत, संध्याकाळी घरी जात. चार दिवस झाले. फ्रिज सारखा गप्प व्हायला लागला. मी दोनदा दारात जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा समोरच्या बाईंनी विचारलं, “पाणी आलं का हो?” मी म्हणालो, “नाही, सहजच.” त्या आत गेल्या. सहजच दारात उभं राहणाऱ्या माणसाशी पुढं काय बोलायचं?

पाचव्या दिवशी मी कारखान्यात फोन करून सांगितलं की प्रोग्रामची नवीन, सुधारलेली आवृत्ती आहे, पाठवून देतो. सुधारणा कोणती केली होती ते सांगतो. जगात लोक प्रोग्राममधल्या चुका काढतात. मी एक चूक मन लावून, कोरून कोरून घातली.

कागद फिरवल्यावर तो परत सरळ करावा लागतो. नाहीतर नंतर त्यावर जे काही काढाल ते तिरकंच येतं. मी ती सरळ करायची ओळ काढून टाकली. बस्स. मास्तरांनी मोर तीस अंश झुकवला, तर मोरानंतर काढलेला चादरीचा काठही तीस अंश झुकला, काठातली वेलही झुकली, आणि कोपऱ्यातली कारखान्याची खूण गाडी उलटल्यासारखी आडवी झाली.

अकरा वाजता गल्लीत गर्जना. “ए इंजनेर! चादर घसरली बे माझी!”

त्या गर्जनेनं माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी इतक्या पटकन दार उघडलं की मास्तरांची हाक अर्धी गल्लीत आणि अर्धी बैठकीत संपली.

“असं कसं झालं मास्तर?” मी चेहरा वाकडा करून म्हणालो.

“कसं झालं काय? फिरीवलेला कागद सरळ करून ठिवायचा नसतो व्हय? मी सरळ न करता घरी गेलो असतो तर माज्या गुरूनं पट्टीनं हात फोडला असता.”

चहा, भाकरी, चटणी, दोन वाजले. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या गुरूची गोष्ट सांगितली, ज्यांना दुरून चादर बघून तिच्यातला एक चुकलेला धागा दिसायचा. किती दुरून, तर मास्तर म्हणाले, रस्त्याच्या पलीकडून. मी पुढं जिथं जिथं ही गोष्ट सांगितली तिथं ते अंतर वाढत गेलं. सध्या ते कुर्डुवाडीपर्यंत पोचलंय.

चूक दुरुस्त केली. पुन्हा दोन-तीन दिवस शांतता. मग पुढची सुधारलेली आवृत्ती.

दुसऱ्या चुकीचा मला आजही अभिमान वाटतो. आपण अंश म्हणतो, काटकोन म्हणजे नव्वद. जावाला अंश कळत नाहीत. तिचं माप वेगळं आहे, त्यात पूर्ण एक फेरीच सहाच्या थोडी पुढं संपते. आपल्या अंशांचं तिच्या मापात रूपांतर करून द्यावं लागतं. ते रूपांतर मी काढून टाकलं. मास्तरांनी नव्वद लिहिलं. बिचाऱ्या मोराला नव्वदच्या नव्वद पचवावे लागले. चौदा फेऱ्या पूर्ण आणि वर अजून थोडं, असा गरगरून तो डोकं खाली, शेपूट वर, तिरका येऊन पडला. अर्थात पडद्यावर चौदा फेऱ्या दिसत नाहीत, नुसता शेवट दिसतो. पण मास्तरांनी मोराचं तोंड बघूनच ओळखलं.

“ह्याला चक्कर आलीय,” ते म्हणाले. “ह्याला काय पाजलंस?”

“मी काय पाजणार मास्तर?”

“तू काय बी पाजशील. तुज्या तोंडावर दिसतंय.”

मी हसलो. तेही हसले. वाटलं, ओळखलं बहुतेक. पण मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बघता बघता दोन वाजले. त्या दिवशी ते म्हणाले, “तू दिवसभर येकटाच बसतोस बे? कुनाशी बोलतोस?” मी म्हणालो, “कामच एवढं असतं की वेळच नसतो, मास्तर.” अमेरिका, जपान आणि आणखी दोन देश माझ्याशी दिवसभर बोलत असतात असं सांगितलं. “लई भारी,” मास्तर म्हणाले आणि चटणी पुढं ओढली.

मग तिसरी.

मालकांना नवीन चादर हवी होती. चार कोपऱ्यांत चार मोर, चौघांची तोंडं मधल्या कमळाकडं. म्हणजे मोर तिरके उभे राहणार. मास्तरांनी ह्यासाठी नवा मोर काढला नाही. पुठ्ठ्यावर टाचणी टोचून दाखवलेला तो तरुणपणीचा जुना कागद होता ना, तो स्कॅन करून आत घेतला. “माज्या हातानं भरलेला ह्योच येक उरलाय,” ते म्हणाले. “आता हात चालत न्हाय.”

प्रत्येक चित्राभोवती एक न दिसणारी पेटी असते. मोर लांबोडा, त्याची पेटीही लांबोडी. तोच मोर तिरका केला की त्याला उंच, मोठी पेटी लागते. मी मोठी पेटी दिलीच नाही. जुन्याच पेटीत तिरका मोर कोंबला. जे बाहेर राहिलं ते कापलं गेलं: एका टोकाला शेपटीचा शेंडा, दुसऱ्या टोकाला तुरा.

माझा हिशेब सरळ होता. मास्तर पडद्यावर बघतील, त्यांना दिसेल, अकरा वाजता गल्लीत आवाज येईल. मी आदल्या दिवशीच चटणी आणून ठेवली.

पहिला दिवस गेला. मी म्हटलं, रागात असतील. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी चहाचं आधण दोनदा ठेवलं आणि दोनदा आटवलं. चौथ्या दिवशी चपला घातल्या आणि कारखान्यात गेलो.

मागांचा खडखडाट रस्त्यावरूनच अंगात शिरतो. आत शिरलो तर डिझाईनच्या खोलीच्या दारात मालक उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत पसरलेली एक नवी कोरी चादर. निळी. चार कोपऱ्यांत चार मोर. चारही बोडके, चारही लांडे. विणून आलेली चूक मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. पडद्यावर चूक पुसता येते. ही चादर हातात धरली होती, तिला वजन होतं.

मास्तर खुर्चीवर बसले होते. पंचा मांडीवर.

“पडद्यावर बघितलं नव्हतं का तुम्ही?” मालक ओरडत होते. खडखडाटात ओरडावंच लागतं, पण हे त्याहून वरचं होतं. मागांवरची माणसं माना वळवून बघत होती. “बघायचं सोडून सरळ मागावर लावलंत? नजर गेली काय मास्तर तुमची?”

“बगितलं न्हाय,” मास्तर म्हणाले. मला आत येताना त्यांनी बघितलं होतं. “त्यानं नीट करून दिलं हुतं. दरवेळी काय बगायचं?”

मी तिथंच उभा होतो. माझ्या तोंडात नेहमी एकाच वेळी सात गोष्टी तयार असतात. त्या दिवशी एकच निघाली. “प्रोग्राममध्ये चूक होती,” मी मालकांना म्हणालो. “माझी चूक.”

“तुमची असेल,” मालक म्हणाले. “पण बघायचं काम कुणाचं?”

“माझं,” मास्तर म्हणाले.

मालकांनी चादरीची घडी घातली. मोर आत गेले. “परवापर्यंत नीट नमुना द्या. नाहीतर मी बाहेरून मागवतो, मास्तर. मग मला काही म्हणायचं नाही.”

मास्तर मांडीवरच्या पंचानं चष्मा पुसत बसले. ओरडले असते तर मी तिथंच बसून चहा मागवला असता.

घरी आलो. पेटी मोठी केली. मोर तिरका करण्याआधी किती रुंद, किती उंच जागा लागेल ते मोजायचं, तेवढी नवी पेटी घ्यायची, तिच्या मध्यावर मोराचा मध्य ठेवायचा, मग फिरवायचं. शेपूट आलं, तुरा आला. मग मी बसून पूर्ण प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचला. पुढच्या दोन महिन्यांसाठी मी आणखी तीन चुका पेरून ठेवल्या होत्या. काय सुंदर चुका होत्या. त्यातल्या एकीत मोर फिरवला की कमळ लाजून अर्धं पुसट व्हायचं. तिन्ही काढल्या. कागद फिरवला की सरळ करायचा, अंशांचं माप नीट द्यायचं, टाचणी पोटात. प्रोग्राम इतका स्वच्छ झाला की त्याला माझी काहीच गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. प्रेशर होतं. टाकी, पिंपं, बादल्या, आईची तांब्याची कळशी, सगळं भरलं, कारण आता पुढचे चार दिवस थेंब नव्हता. वाळलेल्या तुळशीच्या कुंडीतही तांब्याभर ओतलं. मग पेन ड्राईव्ह घेऊन कारखान्यात गेलो.

मास्तर एकटेच होते. त्यांच्या आणि माझ्या गल्लीला एकाच लाईनचं पाणी. पायजम्याच्या कडा घोट्यापर्यंत अजून ओल्या होत्या. मी पेन ड्राईव्ह लावला. त्यांनी जुना मोर घेतला, तिरका केला. पूर्ण आला. चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला लागेल इतकं जवळ जाऊन त्यांनी शेपटीच्या टोकाची घरं मोजली. ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. मग दुसरा कोपरा. मग तिसरा. चौथा. चारही मोर मध्याकडं बघत होते.

“मास्तर,” मी म्हणालो, “शेपूट मी मुद्दाम कापलं होतं.”

माग चालू होते. त्यांना ऐकू गेलं नसावं. कबुली अशी हळू आवाजात देऊन फुकट घालवायला नको म्हणून मी ओरडलो. “शेपूट मी मुद्दाम कापलं होतं! त्याच्या आधीचं चक्कर येणंही! चादर घसरलेलीही! पहिली चूक तेवढी खरी होती!”

मास्तरांचा हात माऊसवर होता.

“का?” एवढंच त्यांनी विचारलं. पडद्यावरून नजर हलवली नाही.

“तुम्ही घरी यावं म्हणून.”

त्यांनी चार मोर जपून ठेवले. पेन ड्राईव्ह काढला, त्याला टोपण लावलं, आणि तो माझ्याकडं न देता स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. खिशावर टाचणी अजून तशीच टोचलेली होती.

मी उठलो. दारापर्यंत गेलो. परत वळलो.

“उद्या चहाला या की, मास्तर,” मी म्हणालो. “कॉम्प्युटर बंद ठेवतो. नुसतंच बसू. चटणी आहे.”

मास्तरांनी ओला पंचा झटकून खांद्यावर टाकला.

“उद्या पान्याचा दिवस हाय,” ते म्हणाले.